वरचा मजला

वॉर्डरोबचं माप घेण्याआधी मी विचारतो, वापरणारे किती? चोवीस वर्षांच्या सुतारकामात हा प्रश्न कधी चुकला नाही. इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये गिनीपिगांचं घर करायला घेतलं, तेव्हा मात्र मी विचारलं ते एवढंच, की टीव्ही युनिटला सनमायका कोणता लावला होता.

बाकी फर्निचर उरकत आलं होतं. इंटिरियरवाल्या मॅडमनी फोनवर चित्र पाठवलं. दोनमजली बंगली, वर गॅलरी, बाजूने शिडी. "त्या उंदरांसाठी," म्हणाल्या. मुलगी सातवीतली, शेजारीच उभी होती. "उंदीर नाहीत ते. त्यांचे पूर्वज अँडीज पर्वताकडचे आहेत." एकीचं नाव मिसळ, दुसरीचं पाव. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिलेल्या.

तिने माझ्या हातात वहीचं पान ठेवलं. जोडीला कमीत कमी साडेसात चौरस फूट जमीन, वरचा मजला त्यात धरायचा नाही. तळ सपाट हवा, जाळीचा नको, तळपायांना जखमा होतात. आत पॉलिश नको, कारण यांचे दात जन्मभर वाढतात आणि समोर येईल ते कुरतडतात. चढ असलाच तर अगदी सौम्य, यांचे पाय आखूड. मी पान अर्धं वाचून खिशात घातलं. आमच्या धंद्यात पैसे देणारा एक, चित्र काढणारा दुसरा आणि राहणारा तिसरा. तिसऱ्याचं कोणी ऐकत नाही, मीही नाही ऐकलं.

काम मात्र जीव लावून केलं. सांगाडा जुन्या सागाचा. जुन्या नाशकात वाडे उतरतात, त्यांच्या तुळया वखारीत येतात. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड पुन्हा वाकत नाही, रंधा मारला की आतून मधासारखा रंग निघतो. आतून मांडणी सहा फूट बाय अडीच फूट. तळाला अठरा एमएम मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा. बाजारात ३०३ चा साधा माल बिनदिक्कत मरीन म्हणून गळ्यात मारतात, गिऱ्हाईक शिक्का वाचत नाही. वर मॅट सनमायका आणि चारही कडांना सिलिकॉन, कारण लघवी एकदा प्लायच्या कडेत शिरली की पापुद्रे सुटलेच. पुढे मधोमध खांब आणि दोन झडपा, दोन्ही पियानो हिंजवर, म्हणजे सलग लांब बिजागरीवर, खाली पडणाऱ्या. झडप उघडली की उंबरठा तळाच्या बरोबरीत, कचरा थेट सुपलीत. झडपांत सातपूरहून करून आणलेल्या सळया, दोन-दोन इंचांवर.

आणि वरचा मजला. अडीच फूट बाय दीड फूट, कडेला सागाची पट्टी, कठड्याला लेथवर काढलेले बोटभर खांब. त्या कठड्यावर माझा एक आख्खा दिवस गेला. खालून शिडी, चांगलीच उभी. पान खिशातच होतं.

मार्चअखेरचा रविवार. घर हॉलमध्ये नेलं. मॅडमची जागा ठरलेली, पश्चिमेच्या खिडकीखाली. मुलगी आडवी आली, "तिथे दुपारी ऊन येतं. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर यांना त्रास होतो, उष्माघाताने मरतात." मॅडम म्हणाल्या, "नाशिकची हवा थंड असते गं." कधीच्या नाशिकबद्दल बोलत होत्या कोण जाणे. इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. पश्चिमेच्या उन्हात सनमायका फुगतो हे मला माहीत होतं, म्हणून मी मुलीच्या बाजूने झालो. घर आतल्या भिंतीला गेलं. मॅडमनी तोंड वाकडं करून चार-पाच फोटो काढले आणि गेल्या.

मग मुलीच्या आईने जुन्या पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि किंचाळलीच. "उंदीर! आत उंदीर शिरलेत!"

मिसळच्या पोटाशी दोन पिल्लं. अंगभर केस, डोळे टक्क उघडे. आमच्या निफाडच्या गोठ्यातलं वासरूसुद्धा उभं राहायला वेळ घेतं, ही तर जन्मल्या दिवशीच धावत होती. पाव म्हणजे मादी नव्हतीच. दुकानदाराला शिव्या द्यायला आई फोन शोधू लागली.

मुलगी घाबरली होती, पण वेगळ्याच गोष्टीने. "काका, पावला आत्ताच्या आत्ता वेगळं करायला हवं. व्याल्यावर काही तासांतच ती परत गाभण राहू शकते." सातवीतल्या पोरीने हे मला, परक्या माणसाला, न लाजता सांगितलं. आईने मान वळवली. मी ड्रिल उचललं. "आवाज नको, पिल्लं घाबरतील," मुलगी म्हणाली.

मग गाडीतून हातकरवत, जुना रंधा आणि स्क्रूड्रायव्हर आणला. माझा पोऱ्या बघत राहिला. मशिनशिवाय काम होतं हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. फळी कुठून आणायची? रविवारी प्लायची दुकानं बंद. मी वर बघितलं. अडीच फूट बाय दीड फूट. घराची खोली अडीच फूटच.

कठडा करवतीने कापला. शिडी काढली. मजला सोडवून मधोमध उभा धरला, दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त भरला. रंध्याने तेवढं उतरवलं, पुढून मधल्या खांबात आणि मागून प्लायमध्ये चार-चार स्क्रू. दोन्हीकडे तीन फूट बाय अडीच, साडेसात-साडेसात. मुलीने बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. त्या पोरीने मान हलवली याचं मला इतकं बरं का वाटावं, कळत नाही. मॅडमनी "सुपर्ब" म्हटलं होतं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

पिल्लं आत सोडली. पहिलं पिल्लू सरळ सळयांमधून बाहेर, सोफ्याखाली. वीस मिनिटं आम्ही चौघं जमिनीवर पालथे. माणसांच्या ग्रिलला आपण लहान मुलाचं डोकं अडकेल का ते बघतो. इथे दोन इंच मी डोळे झाकून ठेवले होते. टीव्ही युनिटच्या उरलेल्या सनमायकाची सहा इंची पट्टी झडपांना आतून खालपर्यंत मारली. रंग मॅच झाला, तेवढंच.

गाडीत गावाकडून आणलेली लसूणघासाची पेंढी होती, भेट म्हणून. मुलगी आधी दचकली, "लसूण चालत नाही!" मी समजावलं, नावापुरताच लसूण, गुरांचा चारा आहे. तिने हुंगून पाहिला. "पावला नको, मोठ्यांना यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. मिसळला चालेल, ती दूध पाजतेय." पेंढी सोडताना कागद वाजला आणि दोन्ही बाजूंनी शिट्ट्या सुरू झाल्या. आई पहिल्यांदा हसली.

त्या रविवारच्या कामाचं बिल मी अजून केलेलं नाही. काय लिहायचं? "मजला काढून भिंत केली"? चूक माझी, शोभा मॅडमची, दुरुस्ती मुलीच्या डोक्यातली. कापलेला कठडा वर्कशॉपमध्ये आहे, टाकवत नाही.

मॅडमनी फोटो टाकलेत, सकाळचे, कठड्यासकट. त्यावरून आतापर्यंत तीन फोन आले. गंगापूर रोडच्या एकाने तर ॲडव्हान्सही पाठवून दिला. तस्संच हवं, वरचा मजला हवाच. या वेळी मी विचारलं, राहणारे किती?

"अजून आणायचेत," तो म्हणाला.