दिवस ४ : ५ किमीला ३ तास १० मिनिटं लावली आणि मी खूश आहे

आधी आकडे टाकून मोकळा होतो. सात दिवसांच्या ट्रेकचे पहिले तीन दिवस मिळून ४३ किमी, चढ २४५० मीटर, उतार १६०० मीटर. आज चौथा दिवस, मुक्काम हलवायचा नाही, तंबू कालच्याच जागी ३१०० मीटरवर. वरच्या सोंडेपर्यंत जायचं आणि परत यायचं, ५ किमी, चढ जेमतेम २००.

मागच्या ट्रेकला असाच आरामाचा दिवस होता आणि मी त्याची पार वाट लावली होती. पाठीवर सॅक नाही म्हणून जे सुटलो ते सुटलोच, एवढं जवळ आहे तर ते टोकही करू, मग त्याच्या पलीकडचं पण, असं करत करत ९०० मीटर चढ झाला आणि दुसऱ्या दिवशी खिंडीच्या अर्ध्या वाटेत गुडघ्याने राम म्हटला. त्यामुळे यावेळी नियम एकच, चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं की स्पीड जास्त आहे. आमच्यातला एक भिडू फारच बडबड्या आहे, त्याला मुद्दाम पुढे ठेवला :) तो गप्प झाला की सगळ्यांनी हळू व्हायचं. जोक नाही, दोनदा उपयोग झाला.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशोब बऱ्याच जणांना माहीत असेल, ५ किमीला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे आजचं अंतर कागदावर १ तास २० मिनिटांचं. आम्ही ३ तास १० मिनिटं लावली, त्यात सोंडेवर पाऊण तास नुसतं बसून. एरवी मला लाज वाटली असती.

मग तंबूतच का नाही पडून राहिलो? एक तर ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा असं सांगतात, आणि त्या दिवशी थोडं वर जाऊन खाली येऊन झोपलं तर शरीराला बरं पडतं. दुसरं म्हणजे मांड्या. काल खाली उतरताना मस्त वाटत होतं, आज तंबूतून उठताना आई गं! उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून असतो ना, त्यात बारीक बारीक इजा होते आणि दुखणं लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी उगवतं. पडून राहिलो की जास्त आखडतो हा माझा अनुभव, पहिली वीस मिनिटं लंगडत चाललो, मग सुटले पाय.

निघालो सहालाच. ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढते आणि दुपारपर्यंत ढग जमतात, तीन दिवस हेच बघतोय, अकरानंतर समोरची रांग गायब. परत आलो तेव्हा मोजे अजून उन्हात होते, वाळले. (टोपी विसरलो, कानांची सालं निघणार आता.)

दुपार सगळी पायांवर घालवली. डाव्या टाचेला लाल चट्टा आहे, फोड अजून नाही, पाय नीट कोरडा करून आत्ताच टेप लावून टाकली, फोड आल्यावर लावून काय उपयोग. उजव्या अंगठ्याचं नख उतारावर शूजला आपटून काळं पडायला लागलंय. ते बुटाच्या साइजमुळे नाही, लेस सैल पडत होती म्हणून पाय पुढे घसरत होता. वरच्या हुकांच्या आधी लेसला एकाऐवजी दोन पीळ दिले, आता खालचा ताण सुटत नाही आणि टाच मागे घट्ट बसते. सोंडेवरून उतरताना नख एकदाही आपटलं नाही. हा शोध मला दहा ट्रेकनंतर लागला हे कुणाला सांगू नका.

सकाळी उठल्या उठल्या मोजलेला पल्स : काल ७८, आज ७१. घरी ५८ असतो. डोकं दुखत नाही, झोप बरी.

उद्या खिंड ३९०० ची, चढ ८०० आणि पलीकडे ३५०० ला मुक्काम. सॅक भरून झालीय, पोलची ढिली झालेली क्लिप आवळली, अलार्म सव्वाचारचा. बडबड्या भिडूला उद्या पण पुढेच ठेवणार, त्याला अजून कारण कळलेलं नाही.