हळदीचा उडालेला रंग

सांगलीत हळदीवर शंका घेणे म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या ताटातील मीठ काढण्यासारखे आहे. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद इथल्या बाजाराचा प्राण. त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या संगणकीय मॉडेलने मधुमेहावरील संभाव्य औषधांच्या यादीत हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य आणि त्याच्या कुळातील रेणू अगदी वर बसवले, तेव्हा आमच्या फार्मसी महाविद्यालयात आनंदच झाला. आश्चर्य कोणालाही वाटले नाही, आणि तेच चुकले.

ही मुले मोठ्या उमेदीने आली होती. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांची रचना संगणकावर वर्तवणाऱ्यांना आणि नवी प्रथिने बेतणाऱ्यांना मिळाले होते, आणि ‘आता प्रयोगशाळा नंतर, आधी मॉडेल’ असे त्यांचे म्हणणे होते. खुल्या माहितीसाठ्यांतून हजारो रेणूंच्या चाचण्यांचे निकाल गोळा करून, कोणता रेणू अल्फा-ग्लुकोसिडेज या एन्झाइमला अडवेल, हे त्यांनी मॉडेलला शिकवले होते. पिष्टमय अन्नापासून ग्लुकोज सुटे करण्याचे शेवटचे काम हे एन्झाइम आतड्यात करते. अकार्बोज हे औषध त्यालाच अडवते. पडताळणी माझ्याकडे होती.

चाचणी सोपी आहे. एन्झाइमने पीएनपीजी हा पदार्थ तोडला की पिवळा रंग सुटतो आणि यंत्र ४०५ नॅनोमीटरवर त्याची वाढ मोजते. रंग जितका हळू वाढेल तितका अडथळा मोठा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये कर्क्युमिनच्या खणांतील वाढ निम्म्याहून कमी निघाली. कर्क्युमिन मुळातच पिवळे असते, हे आम्ही विसरलो नव्हतो. त्याचा रंग वगळण्यासाठी पहिल्या मिनिटाचे रीडिंग पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा केले होते. मुलांनी आलेखाचे फोटो काढले.

संध्याकाळी काचसामान धुवायला नेताना आमच्या मावशी थांबल्या. त्यांचे माहेर हरिपूरचे, जिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई. टेबलावर दोन परीक्षानळ्या होत्या. अल्कोहोलमधील द्रावण गर्द पिवळे, तर बफरमधले, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या पाण्यातले, सकाळी तसेच दिसणारे आता फिकट, तळाशी किंचित गढूळ.

“मॅडम, ह्यातली हळद उडालीया बघा.”

“उन्हात नव्हती हो ठेवली,” मी म्हणाले.

“हळदीचा डाग उन्हानं जातोय, पण साबण लावला की आधी लाल हुतोय. तुमच्या पाण्यात काय घातलंय?”

पाण्यात फॉस्फेट होते, सामू (पीएच) ७.४. त्या सामूला आणि ३७ अंश तापमानाला कर्क्युमिनचे विघटन मिनिटांत सुरू होते, हे मी दरवर्षी शिकवते. ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त २०१७ साली आलेल्या आढाव्यात कर्क्युमिन अस्थिर असून चाचण्यांना फसवते, असे स्पष्ट लिहिलेले आहे, तो लेख माझ्याच कपाटात आहे. एका बाजूने एन्झाइम पिवळा रंग वाढवत होते, दुसरीकडे कर्क्युमिनचा पिवळा रंग ओसरत होता, आणि यंत्राला दोन पिवळे वेगळे ओळखता येत नव्हते. पहिले रीडिंग वजा करून आम्ही जो रंग स्थिर धरला, तोच पळत होता.

मी मुलांना परत बोलावले. एन्झाइम न घालता फक्त कर्क्युमिन आणि बफर भरलेली प्लेट लावली. ही रांग पहिल्याच दिवशी असायला हवी होती. ती मी घाईत गाळली. अर्ध्या तासात आलेख सरळ खाली उतरला. त्याप्रमाणे आकडे दुरुस्त केल्यावर अडथळा नगण्य उरला, आणि शेजारच्या खणांत तुलनेसाठी घातलेल्या अकार्बोजचा अडथळा मात्र जागचा हलला नाही.

मॉडेल लिहिणारा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “मॅडम, आम्ही जे निकाल गोळा केले, त्यांत अशी बिन-एन्झाइमची रांग किती जणांनी लावली असेल?” त्याच्या तक्त्यात रेणूचे वजन होते, विद्राव्यता होती, हायड्रोजन बंधांची संख्या होती. रंगाचा रकाना नव्हता. रात्री साडेनऊला त्याने तो घातला आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणारे रेणू तो एकेक करून वेगळे काढू लागला.