तुम्ही विचारलेत म्हणून: मेहता उठून का गेले नाहीत?

जहाज कंपनीतून आलेल्या आणि पुढे अमेरिकेत भारताचे राजदूत झालेल्या गगनविहारी मेहतांवर व्याख्यान दिले की एक प्रश्न हमखास येतो: ह्यूस्टनला अपमान झाल्यावर ते उठून का गेले नाहीत, की शेवटी व्यापारी तो व्यापारीच? दोन वाक्यांत उत्तर देऊन मी थकलो आहे, म्हणून हे लिहितो.

22 ऑगस्ट 1955 रोजी आपले अमेरिकेतील राजदूत मेहता चिटणिसासह ह्यूस्टन विमानतळावरच्या उपाहारगृहात बसले. टेक्सासात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या पंगती वेगळ्या होत्या. कातडीचा रंग पाहून त्यांना तिथून उठवून वेगळ्या खोलीत बसवले गेले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली आणि मेहतांनी प्रकरण वाढवले नाही.

आमच्या घरी या बातमीला आणखी एक तारीख चिकटलेली आहे. बरोबर आठवडाभर आधी, 15 ऑगस्टला, पोर्तुगिजांनी गोव्याच्या हद्दीत निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली आणि माझे वडील पोटरीत गोळी घेऊन परतले. रुग्णालयाच्या खाटेवर त्यांनी कापून ठेवलेले ते कात्रण आता घड्यांवर विरले आहे, पण समासातली पेन्सिलीची अक्षरे वाचता येतात: ‘उठायला हवे होते.’ डिसेंबरात त्याच डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या पत्रकात पोर्तुगालच्या आशियातील मुलखांना ‘पोर्तुगीज प्रांत’ म्हटले; गोवाही त्यांतच आला. त्या दिवशी वडिलांनी खाली दुसरी ओळ लिहिली: ‘ही त्या माफीची किंमत.’

मीही पुष्कळ वर्षे वडिलांचीच री ओढली, आणि एका व्याख्यानात तर मेहतांना ‘मुनीम’ म्हणालो. तो शब्द मी मागे घेतो. सिंधिया ही जहाज कंपनी काढणाऱ्यांत आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांबरोबर मेहतांचे वडील लल्लुभाई सामळदासही होते. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून ती बुडवू पाहिली, 1923 च्या कराराने तिच्या जहाजांवर मर्यादा घातली, आणि मेहतांनी 1928 पासून स्वातंत्र्यापर्यंत कलकत्त्याला बसून याच कंपनीचा कारभार पाहिला. गोऱ्यांची अरेरावी त्यांना ह्यूस्टनला पहिल्यांदा भेटली नव्हती. शिवाय अमेरिका पाकिस्तानला शस्त्रे देत होती आणि आपल्याला तिच्याकडून धान्य व डॉलर हवे होते. अशा वेळी राजदूताचा राग हा त्याचा एकट्याचा राहत नाही, असे मी आज मानतो.

पण हे लिहितानाही कात्रण समोर आहे. त्या वेगळ्या खोलीत टेक्सासचा प्रत्येक काळा माणूस रोजच बसत होता आणि त्याची माफी कोणी मागत नव्हते. भारताचा राजदूत उठला असता तर त्या माणसासाठीही उठला असता. हे वडिलांचे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही, आणि मेहतांना भित्रा म्हणणेही आता मला जमत नाही.