तिसऱ्या खात्याचं नाव

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट रात्री नऊला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला. इकडे पहिला चहा उकळत असतो आणि तिकडे दोन मोठी माणसं उंच टेबलांमागे उभी राहून एकमेकांना खोटारडं ठरवत असतात. मला हा कार्यक्रम मनापासून आवडतो. आपल्याकडे नेत्यांच्या सभा होतात, तिथे प्रश्न विचारायची सोयच नसते. मुलाखती होतात, तिथे प्रश्न असतात पण समोर प्रतिस्पर्धी नसतो. इथे दोघंही एकाच मंचावर. २०२४ च्या नियमांप्रमाणे लिहून आणलेलं टिपण चालणार नव्हतं. जवळ फक्त पेन, कोरा कागद आणि पाण्याची बाटली. दहावीच्या परीक्षेला मुलं याहून जास्त सामान घेऊन जातात.

ही डिबेट चालू असताना आमच्या घरात एक मागणी हमखास पुढे येते. बायको म्हणते, "आधी यांचा सामान्यज्ञानाचा पेपर घ्या, मग बोलू द्या." तिचं म्हणणं असं, की तलाठी व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पोरं वर्षानुवर्षं 'चालू घडामोडी' घोकत बसतात. आणि अण्वस्त्रांचा हुकूम ज्याच्या हाती द्यायचा, त्याला मात्र वयाच्या दाखल्यावर प्रवेश? तसं बघितलं तर खरंच आहे ते. अमेरिकेच्या घटनेत अध्यक्षासाठी अटी मोजून तीन: जन्माने नागरिक, वय ३५ पूर्ण, देशात १४ वर्षं वास्तव्य. बाकी कोरी पाटी चालते.

परीक्षा आहे, पण ती मत देणाऱ्याला. सगळ्या मतदारांना नव्हे, बाहेरून येऊन नागरिक होणाऱ्यांना. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा माझा मावसभाऊ या परीक्षेतून गेला. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची, अधिकारी त्यांतले दहापर्यंत तोंडी विचारायचा, सहा बरोबर आले की झालं. (२०२५ च्या ऑक्टोबरपासून नवी परीक्षा आली: यादी १२८ ची, विचारणार वीस, बरोबर हवेत बारा.) प्रतिनिधिगृहात सदस्य किती, घटनेला दुरुस्त्या किती, पहिल्या महायुद्धाच्या वेळी अध्यक्ष कोण, सुझन बी. अँथनीने काय केलं. मावसभाऊ गाडी चालवताना मुलीला प्रश्न विचारायला लावायचा. हिंजवडीच्या चौकात आपण शिव्या देतो, तो तिकडच्या सिग्नलला "चारशे पस्तीस, सत्तावीस, विल्सन" म्हणत बसायचा. तो पास झाला. आता तो ज्याला मत देतो, त्याला मात्र यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही.

एकदा मात्र एकाने विचारला. नोव्हेंबर १९९९. टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज बुश अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले होते. बॉस्टनच्या एका टीव्ही वाहिनीचा वार्ताहर अँडी हिलर याने मुलाखतीत सरळ तोंडी परीक्षाच मांडली: चेचन्याचा प्रमुख कोण? तैवानचा? पाकिस्तानात नुकतीच सत्ता घेतलेला जनरल कोण? आणि भारताचे पंतप्रधान कोण? बुशना तैवानचे 'ली' आठवले, तेही आडनावापुरते. बाकी सगळं कोरं. मग त्यांनी उलटा प्रश्न टाकला, की मेक्सिकोचा परराष्ट्रमंत्री कोण ते तू सांग बघू. हिलर म्हणाला, मला माहीत नाही, पण मी काही अध्यक्षपदाला उभा नाही.

अटलबिहारी वाजपेयींचा शपथविधी होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आपल्याकडे ही बातमी वाचून लोकांना राग आणि मजा दोन्ही आलं. तिकडेही विनोदी कार्यक्रमांना चारा मिळाला. चार प्रश्नांत एक बरोबर, म्हणजे पंचवीस टक्के, आपल्याकडे नापास.

पण त्या मुलाखतीत आणखी एक वाक्य होतं आणि ते या हशात वाहून गेलं. पाकिस्तानच्या जनरलचं नाव बुशना सांगता येईना. पण त्या नाव न आठवणाऱ्या माणसाबद्दल मत मात्र तयार होतं. तो देशात स्थैर्य आणेल असं दिसतंय आणि उपखंडाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, अशा अर्थाचं ते बोलले. हे कधी? कारगिलची लढाई संपून जेमतेम सव्वातीन महिने झाले होते आणि तो जनरल म्हणजे परवेझ मुशर्रफ, कारगिलच्या वेळचे लष्करप्रमुख. लोकांनी निवडून दिलेलं सरकार उलथवून ते आले होते. 'चांगली बातमी कशावरून?' हा प्रश्न हिलरने तिथल्या तिथे विचारायला हवा होता. पण त्याच्या यादीत पुढचं नाव बाकी होतं. नावाचं म्हणाल तर मुशर्रफ हे नाव २००१ च्या सप्टेंबरनंतर बुशना चांगलंच पाठ झालं. नावं शिकायला वेळ लागत नाही, ती सांगायला सल्लागार असतात. मत कुठून आलं, हे मात्र ज्याचं त्यालाच सांगावं लागतं.

याहून मासलेवाईक प्रकरण रिक पेरींचं. तेही टेक्ससचेच गव्हर्नर. त्या राज्याच्या पाण्यात काय आहे कोण जाणे. ९ नोव्हेंबर २०११, मिशिगनमध्ये रिपब्लिकन इच्छुकांची डिबेट. पेरी ठणकावून म्हणाले, मी निवडून आलो तर सरकारची तीन खाती बंद करणार: वाणिज्य, शिक्षण आणि... तिसरं काही केल्या आठवेना. खिसे चाचपडल्यासारखे ते शब्द चाचपडत राहिले. मंचावरचे दुसरे इच्छुक मिट रॉम्नी मदतीला म्हणून पर्यावरण संस्थेचं नाव सुचवून गेले. सूत्रसंचालक जॉन हारवूडने विचारलं, तिसरं सांगताच येत नाही का? शेवटी पेरी म्हणाले, नाही येत, सॉरी. आणि वर एक 'ऊप्स'. त्या एका 'ऊप्स'खाली त्यांची उमेदवारी गाडली गेली.

तिसरं खातं होतं ऊर्जा खातं. पुढचा भाग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच काय, ओढूनताणून आणलंय. २०१७ मध्ये पेरी त्याच ऊर्जा खात्याचे मंत्री झाले. नेमणुकीआधी सिनेटच्या समितीसमोर त्यांना कबूल करावं लागलं, की या खात्याच्या महत्त्वाच्या कामांची माहिती मिळाल्यावर ते बंद करा म्हटल्याचा मला पश्चात्ताप होतोय. अमेरिकेची अण्वस्त्रं बनवणं आणि सांभाळणं हे या खात्याचं काम. लॉस अलामोस, लिव्हरमोर या प्रयोगशाळा त्याच्याच. जुन्या अणुकारखान्यांची घाण उपसायची जबाबदारीही त्याचीच.

मला नेहमी वाटतं, त्या रात्री पेरींना नाव आठवलं असतं तर? 'वाणिज्य, शिक्षण आणि ऊर्जा' असं ते खणखणीत म्हणाले असते, टाळ्या पडल्या असत्या आणि सूत्रसंचालक पुढच्या उमेदवाराकडे वळला असता. 'मग अण्वस्त्रं कुणाकडे देणार?' असं त्यांना कोणी विचारलं असतं का? माझा तरी विश्वास बसत नाही. म्हणजे ते नापास झाले ते विसरले म्हणून. जे त्यांना मुळात ठाऊकच नव्हतं, त्याबद्दल त्यांना कोणी हटकलं नाही. स्मरणशक्ती थोडी बरी असती तर ते पहिल्या वर्गात पास झाले असते.

सामान्यज्ञानाच्या पेपरला माझा विरोध आहे तो इथे. अर्थात बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, निदान नाव तरी माहीत असावं, त्यातही सूट द्यायची म्हणजे फार झालं. मग मी २०१६ चं उदाहरण देतो. लिबर्टेरियन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन एका सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात आले. त्यांना विचारलं, अलेप्पोचं तुम्ही काय करणार? ते म्हणाले, "अलेप्पो म्हणजे काय?" सीरियाच्या युद्धात ते शहर तेव्हा भाजून निघत होतं. जगभर हसं झालं. पण न्यूयॉर्क टाइम्सने या फजितीची जी बातमी दिली, तिच्यात अलेप्पो ही इसिसची राजधानी असल्याचं छापून आलं. मग खाली दुरुस्ती आली: ती रक्का. दुरुस्तीत अलेप्पोला सीरियाची राजधानी म्हटलं होतं, म्हणून दुरुस्तीची दुरुस्ती आली: ती दमास्कस. जॉन्सननी निदान 'म्हणजे काय' असं विचारलं तरी! बायकोचं म्हणणं, हे वर्तमानपत्राला नापास करण्याचं कारण झालं, जॉन्सनला पास करण्याचं नव्हे. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

डिबेटमध्ये वस्तुस्थितीची खरी परीक्षा झालेली मला एकच दिसते, आणि ती घेणाऱ्याच्याही ध्यानीमनी नसताना झाली. ६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड विरुद्ध जिमी कार्टर. फोर्ड बोलता बोलता म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएतांचं वर्चस्व नाही आणि माझ्या राजवटीत कधी असणारही नाही. प्रश्न विचारायला होते न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल. स्वतः मॉस्कोत वार्ताहर म्हणून राहिलेला माणूस. त्यांचा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी माफी मागत पुन्हा विचारलं, की तुम्हाला असं म्हणायचंय का, की रशियन तिथे आपलं सैन्य ठेवून आपला अंमल चालवत नाहीत?

ही फोर्डना दिलेली दुसरी संधी होती. शाळेत मास्तर "नक्की?" असं विचारतात, तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगाही ओळखतो, की उत्तर बदलायची वेळ आली. फोर्डनी ओळखलं नाही. युगोस्लाव्ह लोक स्वतःला सोव्हिएतांच्या अंमलाखाली समजत नाहीत, रुमानियन समजत नाहीत, पोलिश समजत नाहीत, असं ते एकेक देश घेऊन सांगत गेले. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत फौजा तळ ठोकून होत्या. पंचवीस वर्षं अमेरिकेच्या संसदेत काढलेल्या, दोन वर्षं अध्यक्ष असलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? लेखी परीक्षेत त्यांनी हा प्रश्न डोळे मिटून बरोबर सोडवला असता. त्यांना म्हणायचं होतं ते बहुधा इतकंच, की पोलिश माणूस मनाने वाकलेला नाही. पण वाक्य तोंडातून गेलं आणि मग ते परत घेणं त्यांना जमेना. त्यानंतरचे काही दिवस नुसते खुलाशांत गेले.

फ्रँकेलनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर ही जिभेची घसरण म्हणून विरून गेली असती. दुसऱ्या प्रश्नाने कळलं ते पोलंडबद्दल नव्हतं. अडचणीत आल्यावर हा माणूस थांबतो की पुढे रेटतो, ते कळलं. अध्यक्षाच्या कामात या माहितीला कितीतरी जास्त किंमत आहे असं मला वाटतं.

उमेदवारांनीच एकमेकांची परीक्षा घ्यावी, हाही मार्ग आहे, आणि फ्रान्समध्ये तो वापरून झालाय. ५ मे १९८१ च्या डिबेटमध्ये अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी प्रतिस्पर्धी मितेराँना विचारलं, जर्मन मार्कचा भाव काय चाललाय, आकडा सांगता का? जिस्कार पूर्वीचे अर्थमंत्री, आकड्यांत पक्के. मितेराँ म्हणाले, मला ही पद्धत आवडत नाही. मी तुमचा विद्यार्थी नाही आणि इथे तुम्ही अध्यक्ष नाही. पाच दिवसांनी मतदान झालं आणि अध्यक्ष मितेराँ झाले. परीक्षक होऊ पाहणाऱ्याचं लोकांना फारसं कौतुक नसतं, एवढं यातून घ्यावं. २००७ मध्ये तर याहून बहार. निकोला सार्कोझी आणि सेगोलेन रॉयाल यांचं भांडण जुंपलं, की फ्रान्सच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा किती. एक म्हणे निम्मा, दुसरी ठासून म्हणे सतरा टक्के. खरा वाटा तीन चतुर्थांशांहून जास्त होता. सतरा हा आकडा एकूण ऊर्जावापराच्या हिशेबातला. दोघंही चुकीचे, दोघंही ठाम, आणि पेपर तपासायला कोणीच नाही.

तपासणारा कोण, ही तर मोठीच भानगड. अमेरिकेला याची कडू आठवण आहे. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेत मतदारासाठी अट घातली होती, की घटनेतलं कलम वाचून दाखवा, नाहीतर त्याचा समाधानकारक अर्थ सांगा. समाधान व्हायचं ते नोंदणी करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याचं. काळ्या माणसाच्या उत्तराने ते क्वचितच व्हायचं. असल्या चाचण्या मोडीत निघायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. तेव्हा 'परीक्षा घ्या' म्हणणं सोपं. पण प्रश्नपत्रिका काढायला कोणाला बसवणार, तेही सांगावं लागेल. २०२४ मध्ये जूनच्या अटलांटातल्या डिबेटमध्ये सूत्रसंचालकांनी ठरवून कोणाला दुरुस्त केलं नाही. ते मख्ख बसले म्हणून लोक चिडले. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात ट्रम्प ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरं खात असल्याचं बोलले, तेव्हा सूत्रसंचालक डेव्हिड म्युअरने शहराच्या प्रशासकाचा हवाला देऊन सांगितलं, की असा विश्वासार्ह पुरावा नाही. मग उरलेले लोक चिडले. ऑक्टोबरमध्ये उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये व्हान्सनी तक्रारच केली, की तुम्ही दुरुस्त्या करणार नाही असं ठरलं होतं. त्यावरची वादावादी थांबवायला माइक बंद करावे लागले.

माझं मागणं याहून लहान आहे. सूत्रसंचालकाने नावं, राजधान्या, भाव काही विचारू नयेत. उमेदवार स्वतःहून जो आकडा फेकेल, जे खातं बंद करायचं म्हणेल, ज्याला चांगली बातमी म्हणेल, तिथेच त्याला धरावं आणि 'कशावरून?' म्हणावं. मग दोन मिनिटं गप्प बसावं. बायकोचं म्हणणं, दोन मिनिटं गप्प बसणारा टीव्हीवाला मिळणार कुठे?

आणि मिळाला तरी उमेदवारांचे वकील हे होऊ देतील असं वाटत नाही. २००४ मध्ये बुश आणि केरी यांच्या प्रचारयंत्रणांनी डिबेटच्या नियमांचा बत्तीस पानी करार केला होता. त्यात एक कलम असं होतं, की उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत. ज्यांना उत्तराची अपेक्षा नाही, असे प्रश्न मात्र विचारायला हरकत नव्हती.