लाल नाक, सावळी कातडी आणि लेझरची निवड

"मास्तर, रातले जास्ती व्हई गयी का?" अमळनेरच्या स्टँडवर चहावाल्याने विचारलं तेव्हा रागही आला नाही, इतकी सवय झाली होती. मी सुपारीसुद्धा खात नाही. पण नाक आणि गाल असे लालबुंद, की गळ्यात तुळशीची माळ घातली असती तरी कुणाला पटलं नसतं.

तीन वर्षं मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावत होतो. लावली की दोन दिवसांत चेहरा निवळायचा, थांबवली की दुपटीने पेटायचा. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: स्टेरॉइड. दुखण्याचं नाव रोझेशिया. सावळ्या कातडीत लाली सहसा लपते, म्हणून आपल्याकडे तो पिंपल्स नाहीतर ॲलर्जी म्हणूनच खपतो. ट्यूब सोडल्यानंतरचे दीड-दोन महिने नको ते. एप्रिल, पारा 44 वर, वर्गात पंखा बंद आणि चेहऱ्यावर जणू कुणी तिखट चोळलेलं. मेट्रोनिडाझोलचं जेल आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी पुळ्या हळूहळू बसल्या. नाकाच्या कडेच्या लाल शिरा मात्र तशाच राहिल्या. त्या मलमाने जात नाहीत, त्यांना लेझरसारखेच उपचार लागतात.

इथून खरी डोकेदुखी. एका सेंटरवर सांगितलं, "आयपीएलचं सहा सेशनचं पॅकेज घ्या, आज भरलं तर सूट." (म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट. मला आधी क्रिकेटच आठवलं.) माझ्या रंगाच्या कातडीला हे चालतं का, विचारलं तर समोरची मुलगी कॅटलॉग चाळायला लागली. मी उठलो.

डॉक्टरबाईंनी मात्र कागदावर चित्र काढून समजावलं. किरणाने शिरेतलं रक्त गाठायचं, रक्ताने तो शोषायचा, तापून शीर मिटायची. पण वाटेत कातडीला रंग देणारं मेलॅनिन बसलेलं असतं, तेही किरण खातं. गोऱ्यांना ही अडचण कमी, आपल्याला जास्त. आयपीएल हे खरं तर लेझरच नाही. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम येतो आणि नको तो फिल्टरने अडवतात. केटीपी लेझर 532 नॅनोमीटर तरंगलांबीचं, बारीक शिरांवर छान, पण मेलॅनिनलाही तेवढंच आवडणारं. पल्स्ड डाय लेझर 595 चं, लालीवर त्याचं नाव मोठं. त्याने कधी कधी आठ-दहा दिवस जांभळे डाग राहतात. एनडी-याग लेझर 1064 चं. ते मेलॅनिनला फारसं न छेडता खोल जातं, म्हणून सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित. पसरट लालीवर मात्र त्याचा हात जरा तोकडा. म्हणजे सगळ्यात चांगलं यंत्र कुठलं, हा माझा प्रश्नच चुकीचा होता.

नाशिकला पल्स्ड डाय आणि याग ही दोन्ही यंत्रं असलेले डॉक्टर मिळाले. पहाटेची एसटी, धुळ्यावरून. जबड्याच्या कडेला दोन ठिकाणी टेस्ट स्पॉट घेतले आणि महिनाभर थांबायला सांगितलं. बायको म्हणाली, "एवढं लांब जाऊन दोन ठिपके?" त्याच ठिपक्यांनी वाचवलं. डायच्या जागी जांभळं गेलं आणि मागे तपकिरी डाग उरला, तो जायला चार महिने लागले. यागच्या जागी काहीच नाही.

याग ठरलं. दिवाळी ते होळी, महिन्याला एक, अशी चार सेशन. दुखतं. जाड रबर ताणून नाकावर सोडावा तसं, आणि नाकपुडीशी डोळ्यांतून पाणीच येतं. ऐन भरिताचा हंगाम. शेतातल्या पार्ट्यांत मी कळण्याची भाकरी दह्याशी खात बसायचो, कारण मिरचीने चेहरा लगेच तापतो.

जाड शिरा गेल्या. पसरट लाली माझ्या अंदाजाने निम्मी उरली. हे कायमचं बरं होत नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून मन खट्टू झालं नाही. आता सनस्क्रीन, डोक्याला ओलं उपरणं आणि चहा बशीत ओतून, पार निववून. परवा चहावाला म्हणाला, "मास्तर, सोडी दिधी का?"

डाव्या नाकपुडीवर एक बारीक शीर पुन्हा उगवली आहे. उन्हाळाभर तिला हात लावायचा नाही, दिवाळीच्या सुट्टीत बघू.