स्लॅब दहा फुटांवर, पण डोक्यावर उरतं किती?

गोव्यात फ्लॅटचा सौदा चौरस मीटरवर होतो. पर्वरी असो, फोंडा असो की मडगाव, कार्पेट एरियाला दराने गुणायचं आणि मग मजला, पार्किंग, इमारतीचं वय बघून थोडं वर-खाली करायचं. या हिशेबात छताच्या उंचीला रकानाच नाही. रेराच्या कार्पेटमध्ये फक्त जमिनीचं क्षेत्रफळ धरतात आणि बँकेचा व्हॅल्युअरही साधारण तेच धरून चालतो. त्यामुळे ‘आमची उंची जास्त, म्हणून दर जास्त’ हे कागदावर पटवणं अवघड.

उंची आपला हिशेब घासाघिशीत चुकता करते. घर बघायला आलेला माणूस उंबऱ्यावरून आत येतो, नकळत एकदा वर बघतो आणि ठेंगणं वाटलं तर ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून निघतो. का नको वाटलं ते त्यालाही धड सांगता येत नाही. अशी चार माणसं परत गेली की मालक स्वतःहून दरात खाली उतरतो.

ब्रोकर ‘दहा फूट हाइट’ म्हणतो तेव्हा तो बहुधा मजल्यापासून मजल्यापर्यंतचं अंतर सांगत असतो. ३ मीटर धरा. त्यातून स्लॅबचे १२५ मिलिमीटर गेले, कोबा (लादीखालचा सिमेंटचा थर) आणि लादी मिळून ६५ गेले, छताच्या गिलाव्याचे १० गेले. उरले २.८० मीटर, म्हणजे ९ फूट २ इंच. ४५० मिलिमीटरचा बीम असेल तर त्यातले १२५ स्लॅबमध्येच मुरतात आणि ३२५ खाली लोंबतात. बीमखाली राहिले २.४७ मीटर, जेमतेम ८ फूट १ इंच. हा बीम पलंगाच्या बरोबर वर आला तर वास्तू मानणारा गिऱ्हाईक तिथेच थांबतो, आणि न मानणाऱ्यालाही झोपल्यावर तो छातीवर आल्यासारखा वाटतो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर, वातानुकूलित खोलीला २.४ मीटर आणि बीमखाली २.४ मीटर उंची सांगितली आहे. गोव्यात बांधकाम परवान्यासाठी २०१०ची भूविकास व बांधकाम नियमावली लागू होते, त्यामुळे फ्लॅट घेताना मंजूर नकाशातलं सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, मागून घ्या. उंची त्यात लिहिलेली असते, प्लॅनमध्ये नाही. वरच्या हिशेबातल्या २.८० मीटरला संहितेच्या वर फक्त ५ सेंटिमीटरची मोकळीक आहे, आणि घर सजवताना आपण तीच आधी खाऊन टाकतो.

जुनी लादी न काढता तिच्यावर नवी बसवली की लादी आणि चिकटवणी मिळून १५ मिलिमीटर जातात. दारं खालून तासावी लागतात ते वेगळंच. खरा घास मात्र फॉल्स सीलिंग, म्हणजे स्लॅबखाली टांगलेलं दुसरं छत, घेतं. साध्या सपाट जिप्समला चौकटीसकट किमान १०० मिलिमीटर लागतात, आत लपवलेली एलईडी पट्टी हवी असेल तर १५० ते २००. १५० धरले तरी २.८०चे २.६५ झाले.

आता यात पंखा बसवा. पाती जमिनीपासून निदान २.४ मीटरवर हवीत, आणि वरून हवा ओढायला पाती व छत यांत ३०० मिलिमीटरची फट हवी. २.६५मध्ये दोन्ही एकदम जमत नाही. ३०० सोडले तर पाती २.३५वर येतात, उंच माणसाने सदरा चढवताना हात वर केले की जीव मुठीत. पंखा वर सरकवला तर तो छताला चिकटून नुसता फिरतो, वारा देत नाही. मे महिन्यात म्हापशात किंवा वास्कोत घर दाखवताना हे लगेच कळून येतं, कारण आत आल्यावर कोणीही आधी पंख्याखालीच उभं राहतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: ९ फूट २ इंचांच्या बेडरूममध्ये पूर्ण फॉल्स सीलिंग करू नये. दिव्यांची हौस असेल तर भिंतीलगत दीड-दोन फुटांची पट्टी करा आणि मधला भाग स्लॅबपर्यंत उघडा ठेवा. पंख्याचा हूक स्लॅबमधल्याच सळईला हवा, सीलिंगच्या पत्र्याच्या चौकटीला नव्हे. एसीला तसा अडथळा नाही. दाराचा लिंटेल (दारावरची आडवी पट्टी) २.१०वर, त्याच्या वर ३०० मिलिमीटरचं युनिट आणि हवेला वर १०० ते १५०, म्हणजे २.५५मध्ये काम होतं.

गोव्यात फॉल्स सीलिंगविषयी शंका घेण्याचं आणखी एक कारण आहे. जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो त्यात साधा जिप्सम बोर्ड फुगतो, सांध्यांना चिरा जातात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. समुद्राजवळ आतली लोखंडी पट्टी गंजून तिचे तपकिरी डाग खाली उतरतात. करायचंच असेल तर ओलावा सोसणारा बोर्ड आणि गॅल्व्हनाइज्ड पट्टी घ्या. शेवटच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये विक्रीच्या तोंडावर केलेलं कोरं करकरीत सीलिंग दिसलं, तर ते गळती झाकायला केलं नाही ना, हे आधी बघा. त्याला तोडफोड लागत नाही. मेन स्विच बंद करा, गोल एलईडी दिवा हलकेच खाली ओढा. बाजूच्या दोन स्प्रिंगच्या कड्या सुटतात आणि तो तारेवर लोंबतो. त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा वर घाला. स्लॅबवर पांढरे क्षार, पिवळी वर्तुळं, पोपडा सुटून दिसणारी गंजकी सळई, यांतलं काहीही असेल तर उंचीची चर्चा बाजूला ठेवा आणि दुरुस्तीचा खर्च बोला.

मोजायचं कसं? लेझर मीटर असेल तर उत्तम, नाहीतर ५ मीटरची स्टीलची टेप पुरते. प्रत्येक खोलीत चार कोपरे, मध्य, बीमच्या खाली आणि पंख्याच्या पात्याखाली मापं घ्या. जुन्या इमारतीत एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत २० मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरू नका, गिलावा आणि लादीच्या उतारात तेवढा जातो. मध्यभागी छत झुकलेलं दिसलं तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. बाथरूम इतर खोल्यांपेक्षा बुटकी निघणारच, कारण वरच्या शेजाऱ्याचा ३०० मिलिमीटर किंवा जास्त खोल सोडलेला स्लॅब तुमच्या डोक्यावर असतो. तिथे २.२० मीटरचं सीलिंग चालतं, पण वरचे पाइप बघायला दीड फुटी झाकण असलंच पाहिजे.

स्थानिक हिंदू कुटुंब फ्लॅट बघतं तेव्हा आणखी एक हिशेब चालू असतो, जो बाहेरून आलेल्या बिल्डरांना उशिरा समजतो: चवथीची माटोळी कुठे बांधायची? गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, केळ्यांचे घड, तोरिंगं. वजन चांगलंच भरतं आणि ते जिप्समला टांगता येत नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात स्लॅबला चार पक्के हूक आणि खाली चौरंग, मखर, मूर्ती ठेवून वर हात पुरेल एवढी जागा, हे दाखवता आलं तर त्या गिऱ्हाइकाशी बोलणं पुढे सरकतं. हॉलला सीलिंग केलेलं असेल तर तेवढा चौकोन उघडा ठेवलेला बरा.

उंची जास्त असली की सगळं आपोआप चांगलं, असंही नाही. छत ३.२० मीटरवर आणि खिडकीचा माथा २.१०वर असेल तर वरची १.१० मीटर गरम हवा तिथेच कोंडते आणि पंखा तीच खाली ढकलतो. वर झरोका किंवा उघडता येणारी छोटी खिडकी असेल तरच त्या उंचीचा गारवा मिळतो. पंख्याची दांडीही वाढवावी लागते, ३.६० मीटरच्या छताला पाती २.७०च्या आसपास आणायची तर साधारण अडीच फुटी दांडी लागेल. डुप्लेक्समध्ये ३ मीटरला १५० मिलिमीटरच्या २० पायऱ्या होतात, ३.३० मीटरला २२. वाढलेल्या दोन पायऱ्या जागाही खातात आणि वयस्कर गिऱ्हाइकाचे गुडघेही.

साळगाव, हळदोणे, चांदर, लोटली इथली चिऱ्याची जुनी घरं हा निराळाच बाजार आहे. तिथे उंची हेच मोठं आकर्षण: जाड भिंती, वर वासे, रिपा आणि मंगळुरी कौलं. घेणारा येतो आणि पहिल्याच दिवशी लाकडी तक्तपोशी उतरवून आढ्यापर्यंत सगळं उघडं करायचं ठरवतो. हॉलपुरतं ते शोभतं. बेडरूममध्ये केलं तर कौलांच्या फटींतून धूळ, पावसाचे तुषार आणि उंदीर-वटवाघळांची विष्ठा थेट गादीवर. एसीचं गणितही बिघडतं. बारा बाय बाराच्या खोलीत ९ फुटांना १,२९६ घनफूट हवा, १४ फुटांना २,०१६. दीडपटीहून जास्त, आणि वरून ती फटीफटींतून निसटत राहते. झोपायच्या खोल्यांना १० ते ११ फुटांवर तक्तपोशी राहू द्यावी. वाळवी लागलेल्या फळ्या तेवढ्या बदला, आणि शाकारणीसाठी वर चढायला एक झडप ठेवा. विकताना ‘कौलं कधी परतली’ हा प्रश्न येतोच.

उंची भरपूर आहे म्हणून मध्ये माळा टाकून ‘एक खोली वाढवली’ म्हणणारेही कमी नाहीत. सामानाचा लॉफ्ट वेगळा. माणूस वावरेल असा मेझनीन संहितेप्रमाणे किमान २.२० मीटर उंचीचा आणि त्या मजल्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नसलेल्या क्षेत्राचा हवा. खाली २.७५ सोडायचे तर एकूण ५ मीटर लागतातच. मंजुरीशिवाय घातलेला मेझनीन नकाशात दिसत नाही, आणि बँकेचा माणूस आला की कर्ज अडतं.

विकायला काढलेल्या बुटक्या फ्लॅटमध्ये थोडक्या पैशांत करण्यासारखं बरंच आहे. बेडरूममधलं जाड पीओपी उतरवा. छताला मॅट पांढरा रंग द्या, आणि बीम वेगळ्या रंगाने उठवू नका. पडद्याची दांडी खिडकीच्या माथ्यावरून काढून छताखाली दोन-तीन इंचांवर न्या आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा. लोंबतं झुंबर काढा. पॅसेजमधला रिकामा लॉफ्ट पाडता आला तर तो आधी पाडा, कारण घरात येणाऱ्याच्या डोक्यावर पहिला तोच येतो. जाहिरातीत ‘हाय सीलिंग’ लिहिण्याऐवजी मोजलेला आकडा द्या: हॉल ९ फूट २ इंच, बीमखाली ८ फूट १ इंच.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग करत असाल तर करारात ‘तयार लादीपासून स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत’ असे शब्द आणि मीटरमधला आकडा घालून घ्या. नुसतं ‘फ्लोअर हाइट ३ मीटर’ पुरत नाही. बीमचा आराखडा मागा आणि पलंगाची जागा त्यावर पेन्सिलने काढून बघा. स्लॅबखालच्या फळ्या-टेकू निघाल्यावर, कोबा पडायच्या आधी साइटवर जाऊन एकदा टेप लावा, तेव्हा २.८७ मीटर भरले पाहिजेत, कारण लादी आणि गिलाव्याचे ७५ मिलिमीटर अजून जायचे असतात.