परदेशी डीलर, जुनी लेन्स आणि क्रेडिट कार्ड

कॅमेऱ्याच्या जुन्या मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायच्या लेन्सचा नाद लागला की माणूस आज ना उद्या परदेशी डीलरपर्यंत पोचतोच, बहुतेक वेळा जपानमधल्या. भाव ठरत आला की एखादा डीलर हळूच विचारतो, बँक ट्रान्सफर केलंत तर थोडं कमी करू का? मी सरळ नाही म्हणतो. त्याच्या मनात काही काळंबेरं असेलच असं नाही, कार्डची फी त्याच्या खिशातून जाते म्हणून तो सूट देऊ शकतो, पण स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरने, पैसे गेले की ते परत मिळणं जवळपास समोरच्याच्या मर्जीवर, शिवाय मधल्या बँका आपापली फी कापतात आणि मग डीलर म्हणतो रक्कम कमी आली. पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायाने, पाठवा म्हणणारा तर तिथेच सोडून द्यायचा, त्यात खरेदीदाराला काहीच संरक्षण नसतं.

कार्डचा खरा फायदा म्हणजे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागणं. माल आलाच नाही किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर आपल्या बँकेकडे तक्रार करता येते, व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण 120 दिवस असतात, पण बँकेला लवकर कळवलेलं बरं. आता गंमत अशी की जुन्या मालात 'वेगळा निघाला' हे सिद्ध करणंच अवघड. वर मोठ्या अक्षरात निअर मिंट, म्हणजे जवळपास नव्यासारखी, आणि खाली बारीक अक्षरात 'किंचित हेझ (काचेवरचा धुरकटपणा) आहे, फोटोवर परिणाम नाही' असं लिहिलेलं असलं तर तुम्ही भांडणार कशावर? आणि अनटेस्टेड किंवा जंक लिहिलेलं असेल तर भांडायला काही उरतच नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी ईमेलवर नेमकं विचारायचं, फंगस (काचेवरची बुरशी) आहे का, हेझ आहे का, काचांचा जोड सुटलाय का, अपर्चरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांवर तेल आहे का, कॅमेऱ्याची बॉडी असेल तर 1 सेकंदाचा शटर पूर्ण चालतो का, आणि मागून टॉर्च मारून काढलेला लेन्सचा फोटो मागायचा. फोनवर नाही, लेखी. लिस्टिंगचा स्क्रीनशॉटही तेव्हाच घ्यायचा, विकल्यावर पान गायब होतं. चांगला डीलर या प्रश्नांना वैतागत नाही, वैतागला तर तेही एक उत्तरच.

काही जुन्या वळणाचे दुकानदार कार्ड नंबर दोन ईमेलमध्ये अर्धा अर्धा पाठवा म्हणतात. नको! कार्डच्या मागच्या बाजूचे तीन आकडे (CVV) तर अजिबात नाही. पेमेंट लिंक मागा.

चेकआउटला दोन आकडे दिसतात, एक डीलरच्या चलनात, एक आपल्या. आपला ओळखीचा आकडा बघून बरं वाटतं पण त्यात बहुतेक वेळा महागडा दर लपलेला असतो, तेव्हा डीलरचंच चलन निवडायचं. तरीही आपल्या बँकेचा परकीय चलनाचा आकार लागतोच, बऱ्याच कार्डांवर 3 टक्क्यांच्या आसपास, आणि दर खरेदीच्या क्षणाचा लागेलच असं नाही, व्यवहार पुढे सेटल होतो तेव्हाचाही लागू शकतो. रिफंड आला तरी तो त्या दिवशीच्या दराने येतो, म्हणजे येनमध्ये पूर्ण पैसे मिळूनही स्टेटमेंटवर थोडे कमी दिसू शकतात, कधी जास्तही.

अजून एक, डीलर प्रेमाने विचारतो की पार्सलवर किंमत कमी लिहू का, किंवा गिफ्ट लिहू का. कस्टम्सला खोटं सांगणं तर झालंच, पण पार्सल हरवलं तर इन्शुरन्स त्या लिहिलेल्या किमतीपुरताच अडून बसू शकतो, आणि चार्जबॅकची वेळ आली तर कार्डवर एक आकडा आणि कागदावर दुसरा. खरीच किंमत लिहा म्हणायचं. लेन्स परत पाठवायची झाली तर फॉर्मवर 'परत पाठवलेला माल' असं स्पष्ट लिहून मूळ बिलाची प्रत जोडा, नाहीतर डीलरला स्वतःच्याच मालावर ड्युटी लागायची आणि ती तो तुमच्या रिफंडमधून कापायला बघणार.